सदतीस पॉइंट पाच, स्थिर

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असावी. उद्या कोणी विचारलं, हे सुचलं कसं, तर तारीख हाताशी हवी. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. तरी अक्षर नीट काढतो आहे.

काम असं: ताईच्या हॅचरीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माझा प्रोग्रॅम चालतो. आठ वर्षांपूर्वी मीच लिहिलेला. अंडी उबवायच्या मशीनमधलं तापमान दर मिनिटाला वाचतो, पडद्यावर दाखवतो, कमीजास्त झालं तर भोंगा वाजवतो. उत्तम प्रोग्रॅम आहे. अडचण एवढीच की तापमान बघायला त्या कॉम्प्युटरसमोर बसावं लागतं. त्यामुळे भावोजी गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, ताई हॅचरी सोडून एक दिवस कुठे गेलेली नाही. मुलीच्या लग्नातसुद्धा जेवणं उरकल्यावर दोन तास मशीनपाशी जाऊन आली होती. भाची ते अजून बोलून दाखवते.

तर या महिनाअखेरीला भाचीचे दिवस भरतात. पहिलंच बाळंतपण. ती राहते इथून पाच तासांवर. ताईला तिथे असायचं आहे. आणि दहा तारखेला मशीनमध्ये चार हजार आठशे अंडी लागणार आहेत, म्हणजे उबवायला ठेवायची आहेत. पिल्लं निघायला एकवीस दिवस.

मी म्हणालो, ताई, तू जा. प्रोग्रॅमच्या पोटातच एक छोटा वेब सर्व्हर बसवून देतो. ताईने विचारलं, म्हणजे काय? मी म्हणालो, तू फोनवरून विचारायचं किती, त्याने सांगायचं इतकं. कुठेही असलीस तरी.  ताई म्हणाली, खरंच होईल ना रे? मी म्हणालो, माझ्यावर सोड.

तीन दिवसांचं काम. चार धरू.

५ फेब्रुवारी
सर्व्हरचं पान दिसेल कसं यावर दोन दिवस गेले. वाया नाही गेले. पाया आहे तो. रंग ठरला: फिका पोपटी. आकडा मोठा, मधोमध. खाली बारीक अक्षरात माझं नाव. नाव जरा मोठं केलं, तर पान भरल्यासारखं वाटलं. तसंच ठेवलं.

बायकोने विचारलं, सर्व्हर झाला का? तिला शाळेत मुलांना उत्तरं विचारायची सवय आहे, घरीही तीच. म्हणालो, दिसायला झाला.

नोकरी सोडल्यापासून (त्यांनी सोडवली असं म्हणणारे म्हणोत) इतका उत्साह वाटला नव्हता.

७ फेब्रुवारी, दुपारी १.००
झालं! माझ्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम सुरू केला, शेजारच्या खिडकीत पत्ता टाकला, आणि पोपटी पानावर ३७.५ (आकडा सध्या मीच हाताने घातलेला). अंगावर काटा आला. घरच्या ग्रुपवर लिंक पाठवली. खाली लिहिलं, "बघा."

७ फेब्रुवारी, सायंकाळी ६.००
कोणालाच दिसत नाही. भाची म्हणते पान उघडत नाही. जावई म्हणतो तेच. बायको माझ्या शेजारी बसून म्हणते तेच. सगळ्यांचे फोन जुने आहेत. यावर काय बोलणार?

८ फेब्रुवारी
फोन जुने नव्हते. मी जो पत्ता पाठवला त्याचा अर्थ "मी स्वतः" असा होतो. ज्या फोनवर उघडाल, तो फोन स्वतःलाच विचारतो, तापमान किती? आणि त्याच्याकडे काही नसतं. ही बारीक गोष्ट आहे. भल्याभल्यांची गल्लत होते. कोणाकोणाची, ते शोधलं नाही.

खरा पत्ता मिळवायला इंटरनेटवाल्याला हॅचरीवर बोलवावं लागणार. दहा तारखेच्या आत.

१० फेब्रुवारी
अंडी लागली. सकाळी सहापासून ताई आणि मावशी ट्रे सरकवत होत्या. मावशी म्हणजे इथे वीस वर्षं काम करणाऱ्या बाई. मशीनच्या शेडमागेच राहतात. दर दोन तासांनी मशीनच्या काचेतून आतला पाऱ्याचा थर्मामीटर बघतात आणि भिंतीवरच्या पाटीवर खडूने आकडा लिहितात. समोर माझा प्रोग्रॅम असताना! मी हसलो. मावशी हसल्या नाहीत.

इंटरनेटवाला आलाच नाही. उद्या म्हणाला.

१२ फेब्रुवारी
इंटरनेटवाला आला. मी त्याला समजावून सांगत होतो तोवर त्याने काम करून टाकलं. शिष्टाचार नाही लोकांना. पण झालं. मी शेडबाहेर रस्त्यावर जाऊन, ऑफिसचं वायफाय वगैरे काही नसताना, फोन उघडला. ३७.६. मिनिटाने ३७.५. परत ३७.६. ताईला बोलावून दाखवलं. तिने फोन हातात घेतला, मान वर करून शेडकडे बघितलं, परत फोनकडे. डोळ्यांत पाणी. म्हणाली, म्हणजे मी तिच्या उशाशी बसून हे बघू शकते? मलाही भरून आलं. हे लिहायला लाज कसली.

१४ फेब्रुवारी
बारीकसा धक्का. सकाळी फोनवर चाळीस मिनिटं एकच आकडा. हलेना. ताई घाबरी झाली. धावत ऑफिसात गेलो. मावशींनी टेबल पुसताना प्रोग्रॅम बंद करायचं बटण दाबलं होतं आणि पडद्यावर खिडकी आली होती: "बंद करायचा का? होय / नाही." मावशींनी होयही केलं नाही आणि नाहीही. फडकं घेऊन पुढे गेल्या.

अशी प्रश्नाची खिडकी समोर आली की माझा प्रोग्रॅम तिथेच थांबतो, कोणी बटण दाबेपर्यंत. तापमान वाचत नाही, भोंगा वाजवत नाही. सर्व्हर मात्र वेगळा चालतो, त्यामुळे तो बिचारा शेवटचा आकडाच सांगत बसतो. जुन्या पद्धतीची रचना आहे. भक्कम, पण जुनी. ताईला म्हणालो, चूक मावशींच्या फडक्याची आहे. ताई म्हणाली, फडकं रोज फिरणारच की रे.

उपाय: सगळ्या खिडक्या काढून टाकल्या. बंद करायचं बटणही काढलं. आता हा प्रोग्रॅम कोणाच्या बापाच्याने थांबणार नाही.

१६ फेब्रुवारी
दोन दिवस परीक्षा. ताईने एका हातात फोन, समोर मावशींची पाटी, असं ताडून बघितलं. दोन्ही बरोबर. एकदा पाटी आणि फोन यात पॉइंट दोनचा फरक आला. मी म्हणालो पाटी चुकली.  मावशी परत आत जाऊन बघून आल्या, पाटीवरचा आकडा तसाच ठेवला.

ताई जायला तयार! १९ची गाडी ठरली. भाची फोनवर रडली म्हणे. आई येते आहे यावर तिचा विश्वास बसेना.

१८ फेब्रुवारी
काम पूर्ण, हाताला चैन नाही. सर्व्हरमध्ये एक छोटी भर घातली: किती वेळा पान उघडलं याचा आकडा. "भेटी." खाली कोपऱ्यात दिसतो. निर्मात्याला कळायला नको का, लोक बघतात की नाही?

आणि एक गंमत. हजार भेटी झाल्या की ऑफिसच्या पडद्यावर फुलांचं चित्र आणि "अभिनंदन! एक हजार भेटी!" पाच मिनिटांचं काम. तपासून बघायची गरजच नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळी १०.३०
ताई गेली. गाडीत बसताना दोन अटी घातल्या. एक, मी रोज एकदा स्वतः हॅचरीवर जायचं. दोन, मावशींची पाटी चालू राहायची. दोन्हीला हो म्हणालो. गाडी सुटल्यावरही ती खिडकीतून फोन हलवून दाखवत होती. पोपटी पान लांबूनसुद्धा ओळखू येतं.

१९ फेब्रुवारी, दुपारी ३.००
शांतपणे विचार केला. पाटी म्हणजे गोंधळ. दोन आकडे असले की माणूस कोणावर विश्वास ठेवणार? मावशींना सांगितलं, पाटी बंद, काच पुसा, ट्रे बघा, आकड्यांचं मी बघतो. त्या म्हणाल्या, ताईंनी तर चालू ठेवायला सांगितलंय. मी म्हणालो, ताईनेच कळवलंय. म्हणजे कळवलं नाही, पण विचारलं असतं तर पटवून दिलं असतं. मावशींनी पाटी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

ऑफिसला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे. आता फडकं नाही, धूळ नाही, कोणाचा हात नाही.

२० फेब्रुवारी
हॅचरीवर गेलो. सगळं छान. ३७.५, ३७.६, ३७.४. भेटी: १३७.

२१ फेब्रुवारी
हॅचरीवर फोनवरून गेलो. अर्ध्या तासाचा रस्ता, आणि बघायचं तेच जे इथे दिसतं. आपणच सर्व्हर बसवायचा आणि आपणच त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे बरं दिसत नाही. ताईने विचारलं, जाऊन आलास? म्हणालो, हो. एका अर्थी खरं आहे.

भेटी: ३१२. एवढे लोक!

२२ फेब्रुवारी
बायकोने विचारलं, बघतं कोण इतकं? म्हणालो, ताई, भाची, जावई, त्याचे ऑफिसवाले वगैरे. ती म्हणाली, तुम्ही जेवताना चौदा वेळा उघडलंत. मोजायची गरज होती का? दर्जेदार प्रेक्षक घरातही असू शकतो.

भेटी: ५४६. हॅचरीवर उद्या नक्की.

२३ फेब्रुवारी
उद्या नक्की.

भाचीचा फोन. म्हणाली, मामा, आई माझ्या केसांना तेल लावते आहे, सकाळपासून एकदासुद्धा उठली नाही. तू आम्हाला काय दिलं आहेस ते तुला कळणार नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. आयुष्यात एक काम धड झालं. लॅपटॉप उघडून पोपटी रंग जरा गडद केला.

भेटी: ७९०.

२४ फेब्रुवारी, सायंकाळी ५.४०
हजार पार! नऊशे नव्याण्णववर जरा थांबलो, बायकोला बोलावलं, आणि तिच्यादेखत उघडलं. ती म्हणाली, छान, आता भाजी चिरू का? तिकडे ऑफिसच्या पडद्यावर फुलं आली असतील. कुलूपबंद खोलीत, बघायला कोणी नाही. वाईट वाटलं.

तापमान ३७.५.

२५ फेब्रुवारी, सकाळी ७.१५
भाचीला पहाटे कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलात नेलं. ताई तिच्याबरोबर आहे. म्हणजे जिथे असायला हवी तिथे आहे. तापमान ३७.५. सगळं कसं जिथल्या तिथे.

सकाळी ८.३५
मावशींचा फोन. म्हणाल्या, मशीनचा आवाज नेहमीसारखा नाही, हलका वाटतोय, येऊन बघता का? फोन बघितला: ३७.५. म्हणालो, मावशी, तेल घातल्यावर आवाज हलकाच होतो. त्या म्हणाल्या, तेल कोणी घातलं? मी म्हणालो, आकडा बरोबर आहे ना, मग आवाजाचं काय घेऊन बसलात? त्यांनी फोन ठेवला. वीस वर्षांची सवय सुटत नाही माणसाची.

सकाळी ९.५०
३७.५. काल संध्याकाळपासून पॉइंटभरही हललेला नाही. याला म्हणतात स्थैर्य. सर्व्हर बसल्यापासून मशीनसुद्धा शहाण्यासारखं वागतं आहे. भेटी: १०४१.

सकाळी १०.५५
ताईचा फोन, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून. भाचीला आत घेतलंय, ताईलाही थोड्या वेळात आत बोलावणार आहेत. आणि अशा वेळी ताईने विचारलं काय, तर आकडा हलत का नाही? म्हणालो, स्थिर आहे. ती म्हणाली, इतक्या वर्षांत मशीन असं एका जागी बसलेलं मी पाहिलेलं नाही. मी जरा रागावलो. म्हणालो, ताई, तुला चांगलं झालेलंही बघवत नाही का? ती म्हणाली, तू काल जाऊन आलास ना? म्हणालो, हो. तिने मावशींच्या पाटीवर काय आकडा आहे विचारलं. म्हणालो, तोच.

हात जरा घामेजले आहेत. उकाडा आहे.

सकाळी ११.१०
ताईने मावशींना फोन केला. मावशींनी काचेतून पाहून सांगितलं: पाऱ्यावर चौतीस. पाटीचंही सांगितलं.

ताईने मला फोन केला. ओरडली नाही. म्हणाली, आत्ता जा. मी म्हणालो, पाऱ्याचा थर्मामीटर जुना आहे, बिघडू शकतो. ती परत म्हणाली, आत्ता जा.  निघायच्या आधी पान पाच वेळा उघडलं. ३७.५. ३७.५. ३७.५. ३७.५. ३७.५.

दुपारी १२.००, हॅचरीचं ऑफिस
कुलूप उघडलं. पडद्यावर फुलं. अभिनंदन! एक हजार भेटी! खाली एक बटण: "ठीक आहे."

काल संध्याकाळी पाच चाळीसपासून प्रोग्रॅम या बटणाची वाट बघत थांबला होता.

बटण दाबलं. आकडा ३७.५ वरून एकदम ३३.८. आणि भोंगा सुरू झाला. इतका वेळ कुठे होतास असं त्याला विचारणार होतो, पण मावशी दारात उभ्या होत्या. मी पडदा अंगाने झाकायला गेलो. त्यांनी फुलं बघितली.  आत गेल्या.

दुपारी १२.४०
मशीनला दोन पंखे. एकाचा पट्टा रात्रीतून कधीतरी तुटला आहे. त्या बाजूच्या ट्रेंना हवाच गेलेली नाही. भोंगा वाजला असता तर मागे राहणाऱ्या मावशी उठल्या असत्या. पट्टा बसवायला वीस मिनिटं लागतात म्हणे. ताईला फोन करून सांगितलं, काळजी करू नकोस, तू तिथेच थांब, मी बसवतो. कपाटात दोन नवे पट्टे आहेत. मावशी म्हणाल्या, हे काम ताई करतात, त्याला अंदाज लागतो. मी म्हणालो, मावशी, मी इंजिनियर आहे.

दुपारी १२.५५
एक पट्टा तुटला. जास्त ताणला.

दुपारी १.०५
दुसरा बसला. पण आठच्या आकड्यासारखा पीळ पडून. पंखा उलट फिरला आणि पट्टा घसरून पात्यात गेला. चिंध्या.

मावशींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि ताईला खरं सांगितलं. मी भिंतीपाशी बसलो. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. नाही हो, साहेबांना काही लागलं नाही. नाही, आता एकही पट्टा नाही. हो, एक बाजू गार आहे. नाही, नका येऊ, तिकडे तुमची गरज आहे. मग बराच वेळ नुसतं हं, हं. शेवटी म्हणाल्या, बरं. या मग.

दुपारी १.२०
ताई निघाली. जावयाने गाडी करून दिली. वाटेत मशीनवाल्याकडून पट्टा घेऊन येईल. मी फोन करून म्हणालो, ताई, येऊ नकोस, अंडी गेली तर गेली. ती म्हणाली, चार हजार आठशे आहेत, पंधरा दिवसांची आहेत, आत जीव धरलाय त्यांनी. मग म्हणाली, तिला सांगून नाही आले रे. ती आत होती.

मावशी आणि मी गार बाजूचे ट्रे गरम बाजूला हलवतो आहोत. जागा नाही. तरी हलवतो आहोत.

दुपारी २.१०
मुलगी झाली. ग्रुपवर फोटो आला. भाची ठीक. ताई तेव्हा हायवेवर होती.

लोकांनी फुलं पाठवली आहेत. मला ग्रुपकडे बघवत नाही.

सायंकाळी ६.३०
ताई आली. माझ्याकडे न बघता आत गेली. अठरा मिनिटांत पट्टा बसला. हात धुतले, मग फोन उघडून नातीचा फोटो बघितला. काचेसमोर उभी राहून. मी म्हणालो, ताई, चूक त्या खिडकीची रचना... ती म्हणाली, जा घरी.

२६ फेब्रुवारी
तांत्रिक कारणमीमांसा लिहायला घेतली. मुद्दा एक: मावशींनी सकाळी अधिक ठामपणे सांगायला हवं होतं. मुद्दा दोन: पट्ट्याचा दर्जा. मुद्दा तीन लिहिताना बायको मागे उभी होती. तिने वाचलं. म्हणाली, खिडकी कोणी घातली, कुलूप कोणी लावलं, पाटी कोणी उतरवली, जाऊन आलो असं कोणी सांगितलं, हे चार मुद्दे राहिले. कागद फाडला. खरं तर तिने फाडला.

२७ फेब्रुवारी
हॅचरीत दिवसभर टॉर्च लावून एकेक अंडं बघितलं. आत लाल शिरा दिसल्या आणि हलल्या, तर जिवंत. नाहीतर नुसतं काळं. ताई बघते, मावशी बघतात, मी ट्रे उचलतो. ताई शेवटपर्यंत एक शब्द रागाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. काळ्या अंड्यांच्या टोपल्या मीच बाहेर नेल्या. अकरा टोपल्या. नंतर मोजायचं सोडलं.

२८ फेब्रुवारी
भाचीला फोन केला. तिने उचलला, पण बोलली जावयाशी, फोन हातात ठेवून. म्हणाली, मामाला सांग मी झोपले आहे.

५ मार्च
पिल्लं निघाली. दोन दिवस उशिरा. निम्म्याहून थोडी जास्त. ताई म्हणाली, मला वाटलं होतं त्याहून बरी. पिल्लं तिच्या हातावर उभी राहून पडत होती, परत उभी राहत होती. तिने अजून नात बघितलेली नाही. मशीन धुवून उद्या पुढची अंडी लावायची आहेत.

मी म्हणालो, ताई, उद्या अंडी लागली की तू जा. मी राहतो. सर्व्हर नाही, मी. तिने मावशींकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, आम्ही दोघं आहोत. मग ती हो म्हणाली. मावशी आहेत म्हणून हो म्हणाली, हे मला कळलं.

७ मार्च, सकाळी ९.१५, मशीनची शेड
ताई पोचली. मी कालपासून इथेच, स्टुलावर. पाटी परत भिंतीवर. सकाळचे आकडे मावशींचे, दुपारचे आणि संध्याकाळचे माझे. खडू धरायची सवय गेली आहे, पण जमतं. सर्व्हर काढून टाकला नाही, नुसता बंद ठेवला आहे. थोडी डागडुजी केली की... पण ते नंतर.

दुपारी ४.००
ताईचा फोन आला. मागे बाळ रडत होतं, भाची कोणाला तरी हसत काही सांगत होती. ताईचा आवाज वेगळाच होता, मऊ. म्हणाली, हातात आहे माझ्या, इतकीशी आहे रे. मग विचारलं, तापमान किती? मी म्हणालो, सदतीस पॉइंट पाच.

ती म्हणाली, बघून सांगतोयस?

मी स्टुलावरून उठलो. काचेपाशी गेलो, डोळे बारीक करून पारा बघितला. सदतीस पॉइंट दोन होतं. ते सांगितलं.